दोन इंचाचं कडं

आमच्या मिस्त्रींना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि ते थकले नाहीत असा दिवसही कुणी पाहिला नव्हता. "थकलो बावा" हे त्यांचं रामराम करणं होतं. सकाळच्या भोंग्याला सायकल उभी करताना थकलो बावा. चहाचा गिलास हातात घेताना थकलो बावा. आणि आमच्यापैकी कुणी लाकडाच्या उलट्या रेषेवर रंधा मारला, की दोनदा थकलो बावा. पण बसायचं नाव नाही. कुणी स्टूल पुढे सरकवलं तर त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, वाकून कान लावायचे आणि म्हणायचे, आंब्याचं आहे, आतून पोकळलं आहे, तूच बस.

मी आता भिलाईतच, वैशाली नगरात मुलाकडे असतो. गुडघे कामातून गेले, त्यामुळे दिवसभर खुर्ची आणि मी. बसून बसून माणूस किती थकतो ते मला आता कळून राहिलं आहे. नातवंडं आपसात हिंदी बोलतात, माझ्याशी मराठी सुरू करून मध्येच हिंदीवर जातात. त्यांना मिस्त्रींचं काय सांगू? भिलाईत एक माणूस हॉकीच्या स्टिकसाठी झुरला, हे ऐकायला कुणाला वेळ आहे? तरी सांगतो. मिस्त्री रिटायर होऊन गावी गेले, तिकडेच वारले, आणि त्यांचं नाव घेणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं आहे असं वाटत नाही.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा पोलादाचा कारखाना कमी आणि खड्डेच जास्त होते. लाल धूळ डोक्यात, भाकरीत, अंथरुणात. मी भंडाऱ्याकडचा, धानाची शेती भावांच्या हवाली करून आलेला. मिस्त्री नागपूरकडचे, रेल्वेत सुतारकाम करून केस पिकवलेले. दोघांची भरती पॅटर्न शॉपमध्ये झाली, ते माझ्या वर, मी त्यांच्या हाताखाली.

पॅटर्न म्हणजे काय ते सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. कारखान्यातलं एखादं दातेरी चाक मोडलं, की तसंच चाक आम्ही आधी लाकडात घडवायचं. फाउंड्रीवाले ते वाळूत दाबून अलगद काढून घेत आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओतत. पोलादाचं चाक झालं, की आमचं लाकडाचं चाक मांडणीवर धूळ खायला मोकळं. आता, पोलाद थंड होताना आटतं. म्हणून लाकडाचा नमुना खऱ्या चाकापेक्षा जरासा मोठा लागतो. दर वेळी हिशोब कोण करत बसेल? त्यासाठी आमच्या फुटपट्ट्याच वेगळ्या असायच्या. त्यांच्यावरचा इंच बाजारातल्या इंचाहून किंचित मोठा, डोळ्याला न कळणारा. त्या पट्टीने मोजून नमुना करा, डोकं लढवू नका, पोलाद आटून बरोबर मापावर येईल.

मिस्त्रींची अशी एक पट्टी होती. पोलादाची, घासून चकचकीत झालेली, पँटच्या लांबट खिशात कायम. दुसऱ्याच्या पट्टीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. शॉपमध्ये तीच, घरीही तीच. त्यांनी घरच्यासाठी सागाची खाट केली तेव्हा ती क्वार्टरच्या कोनाड्यात बसेना. मिस्त्रींनी खाटेला दोष दिला नाही. म्हणाले, ठेकेदाराने भिंत खाल्ली. त्या दिवसांत ठेकेदार काय काय खात होते ते आम्ही डोळ्याने पाहत होतो, त्यामुळे सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या लग्नात त्यांनी पाट करून दिले, ते आमच्या घरच्या जुन्या पाटांच्या रांगेत जरासे पुढे निघायचे. माझी आई म्हणायची, मन मोठं आहे माणसाचं, वस्तूही मोठीच करतो. आम्हालाही ते पटलं. कुणाच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही, कारण आमच्या सगळ्यांच्या खिशात त्याच मापाच्या पट्ट्या होत्या.

हॉकीचं वेड त्यांना हातामुळे लागलं. रेल्वेत असताना ते टीममध्ये खेळायचे, आणि चांगले खेळायचे असं ते स्वतःच सांगत. सांगायला लाजत नव्हते. एका थंडीच्या सकाळी जोरात आलेला बॉल त्यांनी अडवला, स्टिकमधून झण अशी हातात चढली की मनगटच गेलं. हाड बसवणाऱ्याने बसवलं, पण वाकडं. पटाशी धरायची वेगळी तऱ्हा त्यांनी शिकून घेतली, पोट चाललं. स्टिक मात्र परत धरता आली नाही. पाच-सहा टोल्यांत हात सुजून यायचा. तेव्हापासून त्यांचा सगळा राग बॉलवर नाही, त्या सकाळवर नाही, स्टिकवर. म्हणायचे, स्टिक करणाऱ्याने खेळणाऱ्याच्या हाताचा विचारच नाही केला. बाजारातली स्टिक हातात घेतली की कपाळाला आठ्या. दांड्यात वेत घालतात, वेताच्या मध्ये रबराची पट्टी घालतात, पण ती मुठीपाशीच संपवतात. झण खालून निघते, तर तिला खालीच मारायला नको का?

तर मिस्त्रींनी ती खाली मारायची ठरवली. रबर खालच्या वळणापर्यंत न्यायचं, दोन्ही कडांनी, वेत आणि लाकडाच्या मध्ये. सुरुवातीला सायकलची ट्यूब कापून झाली. ती पातळ पडली. मग कोळसा वाहून आणणाऱ्या रबरी पट्ट्याचे टाकून दिलेले तुकडे सोलून झाले. ते जाड पडले. सरस चिकटेना, चिकटला तर ऊन लागून सुटे. दर महिन्या-दोन महिन्याला एक स्टिक तयार व्हायची, सुट्टीच्या दिवशी मैदानावर माझ्या हातात यायची आणि माझ्याच हातात मोडायची. मी शॉपच्या टीमचा सेंटर हाफ होतो. माझंही मनगट हळूहळू त्यांच्याच वाटेने चाललं होतं, म्हणून त्यांनी मला धरलं होतं. स्टिक मोडली की ते तुकडे उचलून वास घेत, ओरडत नसत. "घाई असन त लोखंडाची घेऊन घे," एवढंच म्हणत, आणि सायकलवर टांग टाकत.

घरी मिस्त्रींच्या बायकोचे, आमच्या काकूंचे हाल. सरस शिजला की घरात उभं राहवत नसे. लाकूड वाफेवर नरम करून वाकवावं लागतं, त्यासाठी मिस्त्रींनी आंघोळीचा बंबच घेतला. बंबाला एक पन्हाळीचा तुकडा जोडला, त्यात लाकूड घालायचं, तोंडाला पोतं कोंबायचं आणि खाली जाळ. मी एकदा सकाळी गेलो तर काकू दारात डोकं धरून बसलेल्या. मला म्हणाल्या, "आमच्या घरी पाहुन्यायले आंघोळ नाही भेटत राजा, काठ्यायले भेटते." पण पोतं भिजवून देत होत्या त्याच.

एकदा कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबाने शॉपमध्ये अशीच एक स्टिक पाहिली. त्याच्याकडे हॉकी बर्फावर खेळतात म्हणे. त्याने ती जमिनीवर घसरवत नेली, हसला, अंगठा वर केला. आम्ही दोन दिवस त्यावर चर्चा केली. मिस्त्री म्हणाले, त्याने हाताकडे पाहिलंच नाही.

लाकडापाशी घोडं अडलं होतं. स्टिकला तुती लागते, ती इथे मिळाली तर कोवळी. साग ठिसूळ, साजा जड. मिस्त्री रस्त्याने जाताना जे दिसेल त्यावर टकटक करायचे. एका बारशाला गेले तर पाळण्याच्या खांबाला कान लावून उभे. बाळाची आई घाबरली. मग एक दिवस जामुल गावाच्या बाजूला गेलो होतो. तिकडे ट्रक धावायला लागले होते आणि जुन्या बैलगाड्या कुंपणाला टेकवून ठेवलेल्या. एका गाडीच्या धुऱ्यावर त्यांनी टकटक केलं आणि तसेच वाकून राहिले. तिवसाचा धुरा होता, चिवट लाकूड. मालक छत्तीसगढी म्हातारा, त्याला कळेना की ह्या माणसाला गाडी नको, बैल नको, फक्त मधलं लाकूड कशाला हवं. मिस्त्रींनी त्याला समजावलं, की तुझ्या बैलांनी हे ओढून ओढून असं वाळवलं आहे की आमच्या भट्टीत शंभर वर्षं ठेवलं तरी जमायचं नाही. म्हाताऱ्याला आपल्या बैलांची तारीफ एवढी आवडली की त्याने तो धुरा आम्हाला सायकलवर बांधून दिला. येताना वारा समोरून होता, धुरा आडवा, आणि मी मागून ढकलत होतो. इतका दमलो की त्यांच्या आधी मीच थकलो बावा म्हणून बसलो.

त्या धुऱ्याची स्टिक झाली. पहिल्या दिवशी मी मैदानावर जीव खाऊन टोला मारला आणि हाताला काही कळलंच नाही. आवाजही निराळा, टण नाही, ठप. मी परत मारला. परत ठप. मला आधी वाटलं हात बधिर झाला. मग बाजारातल्या स्टिकने मारून पाहिलं, झण कोपरापर्यंत आली. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते तोंड फिरवून सायकलची हवा बघत होते.

तेव्हा ते रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिले होते, आणि शॉपा-शॉपांच्या टूर्नामेंटच्या फायनलमध्ये आमची टीम पोचली होती. मिस्त्रींनी मला शॉपच्या मागे बोलावलं. मांडणीवर आमचे जुने नमुने एकावर एक रचलेले होते, चाकं, कप्प्या, झडपा. त्यांच्याकडे हात करून ते बोलले. एरवी लाकडाखेरीज बोलणारा माणूस नव्हता, म्हणून मला ते शब्दाला शब्द आठवतात.

"हे पाह्य. जनमभर लाकूड घडवलं, पन माह्या हातची एक बी वस्तू वापरात नाही आली. वापरतेत ते लोखंडाची. माही असते ते नुसती दाखवाले. एक वस्तू अशी व्हाव राजा, का जे माहीच राहीन आन् तेच चालंन. फायनलले खेळशीन न ह्या स्टिकनं?"

मी म्हटलं, खेळीन. त्याशिवाय काय म्हणणार होतो? मिस्त्रींना नियम पाठ होता. स्टिक कितीही सुंदर असो, ती दोन इंचाच्या कड्यातून पार झाली पाहिजे, नाही तर अंपायर खेळू देत नाही. रुंदी जितकी जास्त तितकं रबराला अंग मिळतं, म्हणून त्यांनी स्टिक बरोब्बर दोन इंचाला टेकवलेली, केसभर आत. तपासायला त्यांनी सागाचं एक कडंही करून ठेवलं होतं. त्यातून स्टिक लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. शॉपमधल्या प्रत्येकाने ती घालून, काढून, परत घालून पाहिली. आम्ही निश्चिंत.

फायनलला मिस्त्री लग्नातला कोट घालून आले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हे काळ्या कोटात. काकू पण आल्या होत्या, कधी नव्हे त्या. बाभळीच्या झाडाखाली पिशवी घेऊन बसल्या. समोर कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हन विभागाची टीम, धिप्पाड पोट्टे, आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान वाटणारे. अंपायर शेजारच्या दुर्ग गावातल्या एका शाळेतले ड्रिल मास्तर होते, शांत माणूस. त्यांनी खिशातून लोखंडी कडं काढलं आणि एकेक स्टिक तपासायला लागले. माझी पाळी आली. कडं दांड्यावरून सरसर खाली उतरलं आणि वळणाच्या वर येऊन अडकलं. मास्तरांनी जरा दाबलं. फिरवून पाहिलं. मग स्टिक माझ्या हातात परत दिली आणि मान हलवली.

मिस्त्री मैदानात आले. म्हणाले, कडं लहान आहे. खिशातून आपली पट्टी काढली, कड्याच्या आत धरली आणि सगळ्यांना दाखवली. खरंच, त्यांच्या पट्टीवर कडं दोन इंच भरत नव्हतं. झालं. आमचे लोक पेटले. कुणी म्हणे कडं बदला, कुणी म्हणे कोक ओव्हनवाल्यांनीच घासून आणलं असेल. माझंही टाळकं फिरलं, मीसुद्धा मास्तरांवर आवाज चढवला. त्यांनी आपल्या झोळीतून शाळेची लाकडी फुटपट्टी काढली आणि कड्यात धरली. दोन इंच. मग ती पट्टी त्यांनी मिस्त्रींच्या पट्टीला लावून धरली. दोघींची सुरुवात एका रेषेत होती. शेवटाला मिस्त्रींचा फूट पुढे निघाला होता.

बाकी मैदान विचारत होतं की कुठली पट्टी खोटी. आम्हा पॅटर्नवाल्यांना तेवढ्यात कळलं होतं, की दोन्ही खऱ्या आहेत. आमची ओतीव पोलादाच्या मापाची होती. आटणाऱ्या वस्तूची. खाट, पाट, सागाचं कडं, सगळं माझ्या डोळ्यापुढून गेलं, आणि मी मास्तरांसमोरून बाजूला झालो. शॉपमधले सगळेच एकेक करून मागे सरकले. मिस्त्री त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिले. त्यांचा कोट पाठीवर घामाने चिकटला होता.

मास्तर भले माणूस. म्हणाले, "मिस्त्रीजी, किनारा ज़रा-सा घिस लीजिए, मैं रुक जाता हूँ।" कुणीतरी धावत जाऊन कानस आणली. मिस्त्रींनी स्टिक हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला. घासायचं तेवढंच होतं, चार कागद एकावर एक ठेवावेत तेवढं. पण रबर तिथेच होतं, कडेला. त्यांनी कानस परत दिली. "घासलं त रबर उघडं पडते," ते मला म्हणाले. "मंग हे बी बजारातलीच. तू त्या दुसऱ्या स्टिकनं खेळ."

मी खेळलो. आम्ही हरलो, स्टिकमुळे नाही, दमून हरलो. दर टोल्याला मनगटात झण उठायची आणि दर वेळी माझी नजर बाहेर जायची. मिस्त्री रेषेबाहेर उभे होते, स्टिक काखेत, तोंड आमच्याकडे, पण खेळ बघत असतील असं वाटत नव्हतं.

खेळ संपला, बक्षिसं झाली, लोक पांगले. मास्तर आपलं कडं खिशात टाकून दुर्गच्या बसला गेले. मी पाय ओढत बाभळीपाशी आलो, तर मिस्त्री बसलेले. खाली, मातीत, कोटासकट. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, पिशवीतला डबा उघडायचं सुचत नव्हतं त्यांना. मला वाटलं होतं ते थकलो बावा म्हणतील. तसं म्हणाले नाहीत.

"जनमभर नमुनेच केले," ते म्हणाले. "हे एक खरं कराव म्हनलं, त हे बी नमुन्याच्याच मापानं केलं. आता हे कोनी आटवाचं?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. त्या कड्याचा, त्या पट्टीचा, ह्या माणसाचा. अंगात उभं राहायची ताकद नव्हती. तरी मी बॉल उचलला आणि त्यांच्यावर डाफरलो, आयुष्यात पहिल्यांदा.

"उठा मिस्त्री. कडं त दुर्गले गेलं. आता कोन माप पाहून राहिलं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आपल्या वाकड्या मनगटाकडे. काकू म्हणाल्या, "मारून त पाहा एकडाव. मी काय उगाच पोते भिजवले का?"

मिस्त्री उठले. कोट काढून काकूंच्या हातात दिला. रिकाम्या मैदानात दोघे समोरासमोर उभे राहिलो, आणि मी बॉल हळूच त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी वाकून मारला. ठप. बॉल सरळ माझ्या पायाशी. त्यांनी स्टिक डाव्या हातात घेतली, उजवं मनगट हलवून पाहिलं, बोटं उघडझाप केली. मी विचारलं, लागलं का? त्यांनी मान हलवली, नाही. मग म्हणाले, जोरात टाक.

मी जोरात टाकला. ठप. अजून जोरात. ठप. त्या माणसाला एवढ्या वर्षांनंतरही बॉल कुठे यायचा ते आधी कळत होतं. चांगले खेळायचे ते खोटं सांगत नव्हते. पाच-सहा टोल्यांत सुजणारा हात कधीच पुढे निघून गेला होता. काकू मोजत नव्हत्या, मीही मोजत नव्हतो. भट्टीच्या मागे ऊन उतरलं, धुराड्यांच्या सावल्या मैदानावर लांबल्या, तरी ते थांबेनात. पाय माझे थरथरायला लागले, सकाळपासूनचं ऊन डोक्यात चढलं. शेवटी बॉल पायाखाली दाबून मी गुडघ्यांवर हात टेकले.

"थकलो बावा," मी म्हणालो.

"मंग बस तू," मिस्त्री म्हणाले. "पन पह्यले बॉल दे इकडे."